दप्तरं जुलैत, पोरं दिवाळीनंतर गायब : मोखाड्यातल्या एका प्रोजेक्टची केस

आमच्या क्लबात दरवर्षी नवा प्रोजेक्ट चेअरमन झाला की आठवड्याभरात मला फोन येतो, काका ते मोखाड्याच्या शाळेचं नक्की काय होतं जरा सांगा ना. चार वेळा सांगून झालं, आता एकदाच सगळं लिहून काढतो म्हणजे पुढच्याने हे वाचावं आणि मग फोन करावा.

सुरुवात टीव्हीपासून करतो कारण सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेले. खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर झेडपीची चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा आहे, तिथं आम्ही 'डिजिटल क्लासरूम' दिली. मोठा टीव्ही, पेनड्राइव्हवर सगळ्या इयत्तांचा अभ्यासक्रम, भिंतीवर कार्टून, दाराशी क्लबच्या नावाची पाटी. रिबीन कापतानाचा फोटो अजून क्लबच्या हॉलमध्ये आहे. पुढच्या जूनमध्ये गेलो तर टीव्ही परत खोक्यात. पत्रा गळतो, मोखाड्याचा पाऊस म्हणजे काय ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही, आणि लाइट एकदा गेली की कधी येईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. सरांनी टीव्ही काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता आणि खोक्यावर पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं त्या माणसाने टीव्ही वाचवला हेच खूप झालं.

थोडं जागेबद्दल. आमचा क्लब ठाण्याचा. ठाण्याहून कसारा, कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळा रस्त्याने वर चढायचं. २०१४ पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, त्या वर्षी १ ऑगस्टला पालघर वेगळा झाला. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके नव्वद टक्क्यांच्या वर आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, सगळे आहेत आणि 'आदिवासी' म्हणून आपण सगळ्यांना एका पोत्यात घालतो ती आमची पहिली चूक, त्यावर पुढे येतो. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले तेव्हापासून शहरातल्या संस्थांची इकडे रांग लागलीय, त्यामुळे पाड्यावरच्या लोकांना गाडीतून उतरणाऱ्या माणसांची चांगली सवय आहे, कुठं उभं राहायचं, कुठं टाळ्या वाजवायच्या, सगळं पाठ. अजून एक गोष्ट, मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे आणि मार्चनंतर याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर लागतो. शिक्षणाच्या केसमध्ये पाणी कशाला आणलं म्हणाल तर पाणी नाही, दुसरं पीक नाही, म्हणून माणसं बाहेर जातात, आणि पोरं त्यांच्यासोबत. सगळी केस तिथनंच सुरू होते पण आम्हाला ते कळायला तीन वर्षं लागली.

का लागली ते सांगतो. रोटरी घ्या नाहीतर लायन्स, सर्व्हिस क्लबचं वर्ष १ जुलै ते ३० जून. जुलैत नवा प्रेसिडेंट बसतो, त्याला एकच वर्ष मिळतं, वरून क्लबांचा डिस्ट्रिक्ट गव्हर्नर व्हिजिटला येणार असतो, रिपोर्ट जायचा असतो, मग प्रत्येकाला आपलं काहीतरी नवीन करायचं असतं, आणि जे करायचं ते फोटोत दिसलं पाहिजे. माणसं वाईट नाहीत हो, स्वतःच्या खिशातून घालतात, रविवार देतात, पण रचनाच अशी की आधीच्याने सुरू केलेलं पुढे नेण्यात कुणाला काही मिळत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी दप्तरं आणि वह्या, दुसऱ्या वर्षी टीव्ही, तिसऱ्या वर्षी पाण्याचा फिल्टर, आणि मधे हिवाळ्यात ब्लँकेटं. प्रत्येक वर्षी त्याच शाळेत, प्रत्येक वर्षी नवी पाटी.

आता पोरांचं वर्ष बघा. १५ जूनच्या आसपास शाळा उघडते आणि जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, मोठी पोरं शेतावर आणि लहान भावंडं सांभाळायला त्यांच्याहून जरा मोठी बहीण. ऑगस्ट-सप्टेंबर त्यातल्या त्यात बरे जातात. मग भात, नागली, वरई काढून झाली की दिवाळी, आणि दिवाळी झाली की ट्रक. वीटभट्टीवाल्याने किंवा त्याच्या मुकादमाने आधीच बयाना दिलेला असतो, सणाला तोच पैसा लागतो, आणि मग आख्खं घर भांडी कोंबड्या गोधड्यांसकट ट्रकमध्ये चढतं, भिवंडी, कल्याण, वसई, वाडा जिकडे भट्टी असेल तिकडे. याला तिकडची माणसं 'जगायला जाणं' म्हणतात. कुठं गेले? जगायला गेले. परत येतात ते मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर. म्हणजे दुसरीतलं पोर वर्षातून धड चार महिने शाळेत. कागदावर मात्र ते शाळाबाह्य नसतं, नाव हजेरीपटावर असतंच, आणि आठवीपर्यंत नाव काढता येत नाही हा २००९ चा शिक्षण हक्क कायदा. वर्ग पुढे सरकतो, पोर नाही.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. 'शिक्षण हमी कार्ड' आहे, ते घेऊन गेलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. कार्ड मिळतंसुद्धा. पण भट्टी असते माळावर, शाळा लांब, मधे हायवे, आणि आठ वर्षांची पोरगी झोपडीत धाकट्याला घेऊन बसलेली असते कारण आई-बाप पहाटेपासून विटा थापतायत. कार्ड कुणी कुणाला दाखवायचं?

तर कळलं कसं. आमचा एक मेंबर बिल्डर आहे. विटांच्या ऑर्डरसाठी भिवंडीच्या बाजूला एका भट्टीवर गेला होता, डिसेंबर असेल. तिथं एका झोपडीच्या कुडाला आमच्या क्लबचा लोगो असलेलं निळं दप्तर टांगलेलं. आत पीठ होतं. त्याने सहज विचारलं तर बाई म्हणाली पोराला शाळेत मिळालं. पोर तिथंच कच्च्या विटा उलट्या करत होतं, उन्हात वाळायला. त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली काहीच लिहिलं नाही. दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा नव्हतं. पुढे मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, अरे मग तू विटा तिथनंच घेतल्यास का. त्याने हो म्हटलं. यावर फार चर्चा झाली नाही आणि मला अजूनही वाटतं की व्हायला हवी होती. खरं सांगायचं तर ठाण्यात नवीन बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच तो प्रश्न लागू होता.

मग आम्ही पहिल्यांदा काहीही सामान न घेता पाड्यावर गेलो. हे ऐकायला सोपं वाटतं पण गाडीत सामान नसेल तर आमच्यातले निम्मे येतच नाहीत. शाळेच्या पडवीत बसलो, सर, शाळा व्यवस्थापन समितीचे लोक, काही म्हाताऱ्या. प्रेसिडेंटने विचारलं की आजी, तुम्हाला क्लबकडून काय हवंय. आजी म्हणाली, "तू पोरांना खायला घाल, मी राखीन. आई-बाप जातील, पोरं इथं राहतील." प्रेसिडेंट पासष्टीचे, सीए, त्यांना 'तू' ऐकायची सवय नाही, ते जरा दचकले. तिकडे कलेक्टरला पण तूच म्हणतात, त्यात काही अपमान नाही, बोलीच तशी आहे. पण मुद्दा असा की तीन वर्षांत आम्ही जे शोधलं नव्हतं ते आजीने एका वाक्यात सांगून टाकलं.

सर म्हणाले अहो ही योजनाच आहे, हंगामी वसतिगृह. खरंच आहे, बीडकडे ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी जास्त चालते. गावातच पोरांची राहायची-जेवायची सोय, समितीने चालवायची. सरांनी प्रस्ताव पाठवलेला, पण मंजुरी आणि पैसे येईपर्यंत ट्रक निघून गेलेला असतो. ट्रक थांबत नाही ना. एकदा पोर ट्रकमध्ये चढलं की मग जानेवारीत पैसे येऊन उपयोग काय. म्हणजे गॅप होता तो दिवाळीपासूनच्या दोन-तीन महिन्यांचा, आणि तेवढाच भरायचा होता. यात पाटी लावण्यासारखं काही नाही, उद्घाटन करावं असंही काही नाही, तांदूळ डाळ तेल गॅस, गोधड्या, दोन सोलर दिवे, स्वयंपाकाला दोन बायका आणि रात्री झोपायला एक आजी. क्लबमध्ये हे पास करून घ्यायला दोन मीटिंग गेल्या. एकाने विचारलं यात आपण 'शिक्षण' काय देतोय. बरोबर प्रश्न होता, उत्तर एवढंच की पोर शाळेच्या गावात राहिलं तरच बाकी सगळं, त्या टीव्हीसकट.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण आम्हाला वाटत होतं आपण काहीतरी नवीन शोधलंय. याच पट्ट्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बालशिक्षणाचं काम करत होत्या, नंतर कोसबाडला. पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. नंतर विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, भोंगा म्हणजे मजुरांची झोपडी. म्हणजे पोर जिथं आहे तिथं शाळा. आम्ही उलटं केलं, पोराला शाळेपाशी ठेवलं, कारण भट्टीवर रोज शिकवायला रोज जाणारा माणूस लागतो आणि आमच्यासारख्या रविवारच्या माणसांना ते झेपणारं नाही. हे कबूल करायला लाज वाटायचं कारण नाही.

पहिल्या दिवाळीनंतर वीसेक पोरं राहिली. आणि लगेच भांडण झालं, जेवणावरून. आमच्या लेडीज विंगने मेन्यू केला होता, पोहे, उपमा, खिचडी, एक दिवस शिरा. पोरं उपमा बाजूला सारायची. त्यांना नागलीची भाकर, आमटी, आणि कधीतरी सुकट हवी. (पुस्तकात 'नाचणी' आहे, पोरांना ते वेगळंच काहीतरी धान्य वाटायचं, सरांनी नागली म्हटल्यावर आख्खा वर्ग हसला.) आमचे एक मोठे डोनर शुद्ध शाकाहारी, त्यांनी कळवलं की माझ्या पैशातून अंडी आणि सुकट येणार असेल तर मी नाही देणार. आठवडाभर ग्रुपवर महाभारत. शेवटी तोडगा निघाला की त्यांचे पैसे गोधड्या, दिवे आणि गॅसला, अंडी-सुकट बाकीच्यांच्या पैशातून. ते अजून देतात आणि पाड्यावर आले की ताटात काय आहे ते बघत नाहीत. मला हा माणूस आवडतो.

जे जमलं नाही ते आता.

राहिलेल्या वीसेकांत मुलगे जास्त होते, हे आमच्या लक्षात आलं ते जानेवारीत. मुली गेल्या होत्या भट्टीवर, कारण धाकट्याला कोण घेणार. आपण वसतिगृह उघडलं की मुलगे शिकतील आणि मुली पाळणा हलवतील असं आम्ही नकळत करून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी सांगितलं की तीन-चार वर्षांची धाकटी भावंडंसुद्धा ठेवा, अंगणवाडी आहेच. काही आया तयार झाल्या, म्हणून काही मुली राहिल्या. पण अंगावर पिणारं बाळ असेल तर ते आईबरोबरच जाणार आणि त्याच्याबरोबर बहीण, त्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

दुसरं, कातकरी. पाड्यापासून थोडं खाली कातकऱ्यांची वाडी आहे, तिथनं एकही पोर राहिलं नाही. आम्ही म्हटलं यांना शिक्षणाची आवड नाही. किती सहज म्हणून गेलो. नंतर समजलं की वारल्यांच्या घरात आजी मागे राहते कारण तिच्याकडे राखायला थोडी जमीन, चार कोंबड्या, एखादी गाय असते. कातकऱ्याचं घरच दुसऱ्याच्या जागेत, मागे राहून आजी खाणार काय? त्यामुळे म्हातारीसुद्धा ट्रकमध्ये. भट्टीवर दर आठवड्याला 'खर्ची', म्हणजे हातखर्चापुरते पैसे मिळतात, हंगाम संपला की हिशोब होतो, आणि हिशोबात बऱ्याचदा उलट देणंच निघतं, ते पुढच्या वर्षीवर. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती सरकारी भाषेत 'विशेष असुरक्षित', त्या शब्दाचा अर्थ मला त्या वाडीत कळला. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. क्लबमध्ये मी हा विषय काढला होता, म्हटलं कामगार खात्याकडे जाऊ या का. 'आपण नॉन-पोलिटिकल आहोत' असं उत्तर आलं आणि चहा आला.

तिसरी गोष्ट प्लॅनमध्ये नव्हतीच, अपघाताने झाली, आणि माझ्या मते ह्या सगळ्या केसमध्ये क्लब सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तिथं. त्याच पाड्यावरची एक मुलगी आश्रमशाळेतून बारावी सायन्स झाली. पुढे प्रोफेशनल कोर्सला राखीव जागेवर जायचं तर जात पडताळणी लागते. जातीचा दाखला प्रांत ऑफिसने दिलेला होता, पण पडताळणी म्हणजे वेगळंच प्रकरण. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. त्या वेळी तिचा आजा गुरं राखत होता, शाळेत गेला कोण? शाळेचा दाखला नाही, बापाच्या दाखल्यावर आडनाव वेगळं, आधारवर स्पेलिंग तिसरंच. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची आधी झालेली असेल तर सोपं जातं, पण कुणीतरी पहिला असावा लागतो ना, इथं हीच पहिली.

आता गंमत बघा. तेव्हा त्या भागाची पडताळणी करणारी तपासणी समिती बसायची ठाण्यात. आमचा क्लब ज्या हॉलमध्ये भेटतो तिथनं रिक्षाने जायचं अंतर. मुलीला आणि तिच्या बापाला मोखाड्याहून एक फेरी म्हणजे पहाटेची एसटी, आख्खा दिवस, बुडालेली मजुरी, आणि इथं येऊन ऐकायचं की अमुक कागद अपुरा आहे, पुढच्या आठवड्यात या. आमच्यात दोन वकील आहेत, इतकी वर्षं ते फक्त झेंडावंदनाला भाषण करायचे. त्यातल्या एकाने फाइल हातात घेतली. तहसीलमध्ये गाव नमुना १४, म्हणजे ते कोतवालाचं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, त्याची नक्कल मागितली, त्यात नोंद सापडली पण मोडीत. मोडी वाचणारा कोण? क्लबातलेच एक रिटायर्ड गृहस्थ, ज्यांना आम्ही कायम फक्त ट्रेझरर करत आलो, ते म्हणाले मला येते. आज्याच्या बापाचं नाव आणि पुढे जमात, एवढ्या एका ओळीवर पोरीचं पुढचं सगळं अवलंबून होतं. दक्षता पथकाची गृहचौकशी झाली, चालीरीती, कुळ, देव विचारून गेले. वेळ लागला, पण झालं. आणि आता तिच्या चुलत भावंडांना रक्तनात्यातला पुरावा तयार आहे. आणि हे सगळं दीडशे दप्तरांच्या खर्चाहूनही कमी पैशात, नुसत्या प्रवासात आणि झेरॉक्समध्ये झालं.

त्यानंतर आम्ही दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांचे कागद बघायला बसतो, बारावीनंतर धावायचं नाही म्हणून. आधारवरचं नाव, शाळेतलं नाव, बापाचं नाव जुळतंय का, जन्माचा दाखला आहे का, एवढंच. कंटाळवाणं काम आहे. दहावीत सुटलेल्या दोघांना १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून परत बसवलं, एक पास झाला, एक भट्टीवर गेला.

पैशाचं शेवटी. दरवर्षी प्रेसिडेंट बदलतो यावर आम्ही जो उपाय काढला तो भांडून काढलाय हे नवीन लोकांनी समजून घ्यावं. वेगळं खातं, पाच वर्षांचं बंधन, तीन माजी प्रेसिडेंट आणि शाळा समितीचा एक माणूस यांच्या सहीशिवाय पैसे हलत नाहीत, आणि दसऱ्याच्या आत त्या वर्षीचा माल पाड्यावर पोचला पाहिजे, मग गव्हर्नरची व्हिजिट कधीही असो. दोन प्रेसिडेंट यावरून माझ्याशी बोलत नव्हते. एकाने कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी आणला होता, चांगली रक्कम, पण त्यांना खर्च दिसला पाहिजे ३१ मार्चच्या आत आणि वस्तूवर नाव पाहिजे. डाळीवर नाव कसं टाकायचं? त्या पैशातून शाळेचा पत्रा बदलला, हे मात्र चांगलं झालं. आता गळत नाही, तर टीव्ही खोक्यातून काढलाय, सोलरवर चालतो, वसतिगृहातली पोरं रात्री जेवून झाल्यावर बघतात. अभ्यासक्रमाचा पेनड्राइव्ह हरवला. बोहाड्यात, म्हणजे इकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगं नाचतात त्याचा कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आहे, तोच रोज लावतात, आणि कुठलं सोंग कुणाचा बाप आहे यावर भांडतात.

तर नवीन चेअरमनसाहेब, दप्तरांचं कोटेशन मागवलंय असं कळलं, ते जरा थांबवा. परवा सरांचा मेसेज आलाय की यंदा भट्टीवाला गणपतीतच बयाना वाटून गेला, ट्रक दिवाळीच्या आधीच लागणार म्हणतात. तांदूळ आणि गॅस दसऱ्यापर्यंत थांबून चालणार नाही, सह्यांसाठी या आठवड्यात कधी भेटता ते सांगा.